पान नंबर हातानं लिहू नका, खुणेला नाव द्या

प्रबंधात, अहवालात किंवा एखाद्या संस्थेच्या उपविधीत ‘पाहा पृष्ठ क्र. ८७’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला शब्द दिलेला असतो. तिथं जा, मी म्हणतोय ते तिथं आहे. वाचणारा विश्वासानं सत्त्याऐंशीवं पान उघडतो आणि तिथं भलतंच काही निघतं. मग तो मागची-पुढची पानं चाळतो, वैतागतो आणि त्यानंतरचा एकही दाखला उघडून बघत नाही. वाचणारा जर परीक्षक असेल, तर पुढचा प्रश्न तो तोंडी परीक्षेत विचारतो.

मी साताऱ्यात टायपिंग आणि मांडणीचं काम करते. शिवाजी विद्यापीठात जाणारे प्रबंध, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गृहनिर्माण संस्थांचे उपविधी, अधूनमधून वकिलांची कागदपत्रं, असं सगळं येतं. मराठी टायपिंग शिकले ते मशिनवर, रेमिंग्टनच्या कळांवर. मशिनवर एक गोष्ट पक्की असायची. पान टाइप झालं की झालं, ते हलायचं नाही. त्यामुळं पान नंबर हातानं लिहिण्यात काही धोका नव्हता. त्या काळाची सवय अजून आपल्या बोटांत आहे, पण कॉम्प्युटरवर पान एका जागी राहत नाही. मंगल फॉन्टमधली फाईल कोकिलामध्ये घेतली की पानं घटतात. एक फोटो वर सरकला की तीन पानांचा मजकूर ढकलला जातो. प्रिंटर बदलला तरी कधीकधी ओळ खाली उतरते. आणि मार्गदर्शकांनी ‘हे प्रकरण आधी घ्या’ म्हटलं की सगळंच बदलतं.

यावरचा उपाय वर्डमध्ये अनेक वर्षांपासून आहे, आणि आपल्याकडं तो फार थोडे लोक वापरतात. बुकमार्क आणि क्रॉस रेफरन्स. ज्या जागेचा दाखला द्यायचा तिला नाव देऊन खूण करायची आणि जिथं दाखला द्यायचा तिथं आकडा न लिहिता त्या नावाला बोलवायचं. आकडा वर्ड स्वतः भरतं आणि जागा हलली की अपडेट केल्यावर स्वतः बदलतं. गावात पत्र नावावर येतं, घर नंबर कुणी विचारत नाही, तसंच हे.

दहिवडीकडचे एक शिक्षक माण तालुक्यातल्या पाणलोटाच्या कामांवर प्रबंध लिहीत होते, त्यांच्या फाईलवरून सांगते. पाऊस, विहिरींची पातळी, पिकाखालचं क्षेत्र, असे तक्ते प्रत्येक प्रकरणात. मजकुरात जागोजागी ‘तक्ता क्र. ३.४ पाहा’, ‘मागे तक्ता क्र. २.१ मध्ये दिल्याप्रमाणे’. सगळे आकडे हातानं लिहिलेले. मार्गदर्शकांनी तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्यायला सांगितलं.

सर म्हणाले, “ताई, फाइंड-रिप्लेस मारून होईल ना?”

म्हटलं, “सर, तीनचे दोन केले की आधीचे दोन आणि नवे दोन एकात मिसळतील. मग कुठला कुठला ते तुम्हालाही ओळखता येणार नाही.”

ते शेजारी बसले आणि आम्ही एक तक्ता सुरुवातीपासून नीट केला. तक्त्यावर क्लिक केलं, रेफरन्सेस टॅबमध्ये इन्सर्ट कॅप्शन उघडलं. तिथं लेबलच्या यादीत फिगर, टेबल, इक्वेशन असतं. आपण न्यू लेबल म्हणून ‘तक्ता’ असं मराठीत टाकलं. मग नंबरिंगमध्ये जाऊन प्रकरणाचा क्रमांक जोडायच्या पर्यायावर टिक केली. ही टिक तेव्हाच चालते, जेव्हा प्रकरणाची नावं हेडिंग वन स्टाइलमध्ये असतात आणि त्या हेडिंगला आपोआप क्रमांक लावलेला असतो. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं नाव वर्डच्या लेखी हेडिंग नसतं. सरांच्या फाईलमध्ये आधी हेच करायला लागलं, आणि खरा वेळ त्यातच गेला. एकदा हेडिंग नीट झाली की तक्ता ३.१, ३.२ असे क्रमांक स्वतःहून बसायला लागले.

मग मजकुरात ‘तक्ता क्र. ३.४’ पुसून तिथं क्रॉस रेफरन्स घातला. रेफरन्स टाइपच्या यादीत आता आपला ‘तक्ता’ दिसतो, खाली सगळ्या तक्त्यांची शीर्षकं दिसतात, त्यातलं हवं ते निवडायचं. पूर्ण शीर्षक घ्यायचं, फक्त लेबल आणि क्रमांक घ्यायचा, की तो तक्ता ज्या पानावर आहे त्या पानाचा नंबर घ्यायचा, हे तिथंच ठरवता येतं. नंतर आम्ही अख्खं तिसरं प्रकरण कापून दुसऱ्याच्या आधी चिकटवलं. कंट्रोल-ए दाबून सगळं सिलेक्ट केलं आणि दाखले अपडेट करायला एफ-९ दाबलं. सगळे दाखले त्यांच्या त्यांच्या तक्त्यामागं नवे आकडे घेऊन हजर. सरांनी त्यातले काही उघडून तपासले आणि राहिलेल्या तक्त्यांची यादी करायला घेतली.

आता मराठी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवायची एक गोष्ट. वर्डची ही सोय इंग्रजी वाक्य डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. तिथं ‘टेबल ३.२’ वाक्यात कुठंही टाका, शब्द तसाच राहतो. आपल्याकडं ‘तक्ता’ला विभक्ती लागते, तक्त्यात, तक्त्यावरून, तक्त्यातील. वर्ड लेबलसकट ‘तक्ता ३.२’ आणून ठेवतं आणि त्याला ‘त’ जोडता येत नाही. ‘तक्ता ३.२ मध्ये’ चालून जातं, पण प्रत्येक वाक्यात ‘मध्ये’ आलं की वाचताना खटकतं. म्हणून मी कॅप्शनमधला फक्त आकडा, म्हणजे ‘३.२’ एवढाच, सिलेक्ट करून त्याला वेगळा बुकमार्क देते आणि दाखल्यात तोच बोलवते. मग वाक्य हवं तसं लिहिता येतं: ‘पर्जन्यमानाच्या तक्त्यावरून (क्र. ३.२) असं दिसतं की...’ वर्डच्या कॅप्शनच्या पर्यायांत नुसता आकडा घ्यायची सोय नाही, त्यामुळं हा बुकमार्क आपणच करायचा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये मात्र फक्त क्रमांक घ्यायचा पर्याय आहे, तिथं हा उद्योग वाचतो.

याहून मोठी अडचण क्रमवाचकाची. ‘२ ऱ्या प्रकरणात’ असं लिहून २ च्या जागी क्रॉस रेफरन्स घातला आणि उद्या ते प्रकरण चौथं झालं, तर छापून येईल ‘४ ऱ्या प्रकरणात’. पाचवं झालं तर ‘५ ऱ्या’. १ ल्या, २ ऱ्या, ४ थ्या, ५ व्या, हे प्रत्यय आकड्यागणिक बदलतात आणि ते बदलायचं वर्डला ठाऊक नाही. म्हणून जिथं आकडा बदलू शकतो, तिथं वाक्याची घडणच बदलायची: ‘प्रकरण ४ मध्ये’, ‘प्रकरण ४ पाहा’. शुद्धलेखन तपासणाऱ्यांना कधीकधी ‘चौथ्या प्रकरणात’ जास्त आवडतं, वाचायलाही ते गोड लागतं. तसं हवं असेल तर अगदी शेवटी, सगळी प्रकरणं जागेवर बसल्यावर, हातानं करा. आणि आकडे देवनागरी हवेत की इंग्रजी, ते क्रमांकाच्या फॉरमॅटमध्येच ठरवा. दाखल्यातला आकडा हातानं ‘3’ चा ‘३’ केला तर पुढच्या एफ-९ ला तो परत पहिल्यासारखा होतो.

नाव कसं द्यावं, याबद्दल मी फार आग्रही आहे. बुकमार्कचं नाव अक्षरानं सुरू व्हावं लागतं, त्यात जागा सोडता येत नाही, शब्द जोडायला अंडरस्कोर वापरायचा, आणि नाव चाळीस अक्षरांत बसवायचं. मी नावं इंग्रजी अक्षरांतच लिहिते, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत देते: ‘तक्ता_पाऊस’, ‘मुलाखत_पद्धत’, ‘नकाशा_माण’. यात कुठंही आकडा नाही, हे बघा. ‘तक्ता_३_२’ असं नाव दिलं तर त्या खुणेचा उपयोगच संपतो. उद्या तो तक्ता २.२ होईल, नाव ३_२ राहील, आणि पुढच्या माणसाला वाटेल की दाखला चुकला आहे. नाव आकड्यावरून ठेवू नका, तिथं काय आहे त्यावरून ठेवा.

हे शहाणपण कॉम्प्युटरनं आणलेलं नाही. साताऱ्याहून तासाभरावर वाई आहे आणि मराठी विश्वकोशाचं काम तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या प्रमुख संपादकत्वाखाली उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली निघाला, पुढचे खंड यायला कित्येक वर्षं लागली. नोंदी अकारविल्हे. म्हणजे ‘अ’च्या खंडात काम करणाऱ्याला ‘ह’मधल्या नोंदीकडं बोट दाखवायचं असेल, तर तो खंड अजून छापलेलाच नाही, पान नंबर कुठून आणायचा? विश्वकोशाच्या दाखल्यात पान नंबर नसतोच. मजकुरात बाणाची खूण आणि पुढं नोंदीचं नाव, नोंदीच्या शेवटी ‘पहा’ आणि पुढं नावं. नोंद कुठल्याही खंडात, कुठल्याही पानावर पडो, दाखला खोटा ठरत नाही. आज तोच मजकूर संकेतस्थळावर आहे, तिथं पानंच नाहीत, तरी ते दाखले तसेच कामाला येतात. मी नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलींना विश्वकोशाचा एखादा खंड उघडून हेच दाखवते.

दासबोधाचंही तसंच. वीस दशक, प्रत्येकी दहा समास. सज्जनगडावर मिळणारी प्रत घ्या, आजोबांच्या काळची पोथी घ्या, नाहीतर मोबाइलवर वाचा. ‘दशक बारावा, समास दुसरा’ म्हटलं की सगळे एकाच जागी पोहोचतात. ग्रंथाची रचनाच अशी की पानाची गरज पडत नाही. संस्थेच्या उपविधीत हेच हवं असतं. ‘उपविधी क्र. २२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ अशी वाक्यं त्यात पानोपानी असतात आणि मध्ये एक कलम वाढलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. कलमांना वर्डचं आपोआप नंबरिंग लावलेलं असेल, तर क्रॉस रेफरन्समध्ये नंबर्ड आयटम निवडून थेट कलमाचा क्रमांक आणता येतो. पोटकलम असेल तर फुल कॉन्टेक्स्ट हा पर्याय घ्या, म्हणजे नुसतं ‘(२)’ न येता मागचा सगळा क्रमांक त्याच्यासोबत येतो. चुकीच्या कलमाचा दाखला दिलेला उपविधी ही साधी छापाईची चूक राहत नाही. उद्या सभासदांत भांडण झालं तर त्या एका आकड्यावर वाद उभा राहतो.

पतसंस्थांच्या कामात बुकमार्कचा अजून एक उपयोग मी रोज करते आणि तो लोकांना सांगितला की त्यांना खरंच आनंद होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस घ्या. सभेची तारीख मुखपृष्ठावर, नोटिशीत, टीपांमध्ये, कोरम झाला नाही तर सभा कधी भरेल त्या वाक्यात, अध्यक्षांच्या मनोगतात, अशी ठिकठिकाणी येते. हॉल मिळाला नाही म्हणून तारीख बदलली की ती प्रत्येक जागी बदलावी लागते, आणि एक जागा राहिली की सभासद दोन तारखांचा कागद हातात घेऊन संस्थेत येतो. त्याऐवजी नोटिशीतली तारीख सिलेक्ट करायची, इन्सर्ट टॅबवर लिंक्समध्ये बुकमार्क, किंवा सरळ कंट्रोल-शिफ्ट-एफ-५, नाव द्यायचं ‘सभा_तारीख’, ॲड. बाकी सगळीकडं क्रॉस रेफरन्स घेऊन रेफरन्स टाइप बुकमार्क निवडायचा आणि बुकमार्क टेक्स्ट घ्यायचा. तारीख एकाच ठिकाणी बदलायची, एफ-९ दाबायचं.

पण ती एक तारीख बदलताना हात जपून चालवावा लागतो. बुकमार्कचा सगळा मजकूर सिलेक्ट करून त्यावर टाइप केलं, तर जुन्या मजकुराबरोबर बुकमार्कही पुसला जातो. पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही. पुढच्या वेळी फील्ड, म्हणजे वर्ड स्वतः भरतं ती जागा, अपडेट झालं की बाकीच्या सगळ्या जागी इंग्रजीत ठळक अक्षरात ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ छापून येतं. म्हणून पहिलं काम हे करा: वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जा, शो डॉक्युमेंट कंटेंटखाली शो बुकमार्क्सवर टिक करा. आता बुकमार्क केलेल्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना फिकट चौकोनी कंस दिसतात. ते छापून येत नाहीत, फक्त पडद्यावर असतात. तारीख बदलायची असेल तर पहिल्या आकड्यानंतर कर्सर ठेवा, नवी तारीख कंसाच्या आत टाइप करा आणि मग जुनी अक्षरं एकेक करून काढा. कंस शाबूत राहिला पाहिजे.

हे कंस दिसायला लागले की बाकीचे नियम आपोआप कळतात. सुरुवातीच्या कंसानंतर लगेच लिहिलं तर ते बुकमार्कच्या आत जातं. शेवटच्या कंसानंतर लिहिलं तर बाहेर राहतं. मजकुराचा थोडा भाग काढला तर उरलेल्यावर खूण राहते. अख्खा भाग कापून त्याच फाईलमध्ये दुसरीकडं चिकटवला तर खूण बरोबर जाते, म्हणूनच सरांचं प्रकरण सुखरूप हललं. कॉपी करून चिकटवलं तर खूण मूळ जागी राहते, नवी प्रत बिनखुणेची. आणि एका फाईलमध्ये एका नावाची खूण एकच. तेच नाव दुसऱ्या जागी दिलंत तर वर्ड काही न विचारता जुनी खूण उचलून नव्या जागी नेतं. सगळे जुने दाखले मग नव्या जागेकडं बोट दाखवायला लागतात, आणि एरर येत नसल्यामुळं हे लवकर लक्षात येत नाही. नाव देताना यादीवर एकदा नजर टाकायची ती यासाठीच.

हेडिंगचा किंवा कॅप्शनचा क्रॉस रेफरन्स घेतला की वर्ड तिथं स्वतःच एक लपलेली खूण करतं, तिचं नाव अंडरस्कोर, रेफ आणि पुढं लांबलचक आकडा असं असतं. बुकमार्कच्या खिडकीत हिडन बुकमार्क्सवर टिक केली की ही नावं दिसतात. दिसत नसली तरी नियम त्यांनाही तेच लागू. हेडिंगच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर मारला तर वरची रिकामी ओळ खुणेत शिरू शकते, आणि मग दाखल्यात शीर्षकाआधी विनाकारण एक कोरी ओळ येते. वरती जागा हवी असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर मारा. खरं तर एंटर मारून जागा सोडूच नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये आधीची जागा वाढवा.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. आपल्याकडं अजून बरंच छपाईचं काम तशा फॉन्टमध्ये चालतं. अशा परिच्छेदात एरर आली तर तिची इंग्रजी अक्षरंही त्याच फॉन्टमध्ये दिसू शकतात, म्हणजे पडद्यावर देवनागरीसारखं काहीतरी अगम्य दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, टायपिंग बिघडलंय. नजरेला ती चूक म्हणून ओळखू येत नाही. पण फाइंडमध्ये ‘एरर’ हा शब्द इंग्रजी कळांनी टाकून शोधलात तर सापडते, कारण आत अक्षरं तीच असतात. हे काम छापायला देण्याआधी करा.

अपडेट करण्याबद्दल. क्रॉस रेफरन्स जागा बदलली त्या क्षणी बदलत नाही, अपडेट केल्यावर बदलतो. कंट्रोल-ए आणि एफ-९ मुख्य मजकुराला पुरतं, पण हेडर-फूटर, टेक्स्ट बॉक्स आणि तळटीपा त्यातून सुटतात. तळटीपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करा. इतिहासाच्या प्रबंधात तर ‘मागील तळटीप क्र. ७ पाहा’ असे दाखले तळटीपेतच असतात, आणि त्या क्रमांकासाठीही क्रॉस रेफरन्समध्ये फूटनोट हा वेगळा प्रकार आहे. ऑप्शन्समधल्या डिस्प्लेमध्ये छापण्याआधी फील्ड अपडेट करायची टिकही ठेवा. कुठला आकडा खरा क्रॉस रेफरन्स आणि कुठला हातानं लिहिलेला, अशी शंका आली तर ऑल्ट-एफ-९ दाबा. सगळी फील्ड उघडी पडतात, महिरपी कंसात रेफ किंवा पेज-रेफ आणि पुढं खुणेचं नाव. जो आकडा तसाच आकडा राहिला, तो हातानं लिहिलेला. पुन्हा ऑल्ट-एफ-९ दाबलं की पूर्ववत.

शब्दसूचीत दाखला देण्याची गोष्ट इतिहासवाल्यांच्या खास उपयोगाची. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्या अकरा वर्षांतले सरकारी कागद वाचणाऱ्याच्या लिखाणात ‘दक्षिण सातारा’ आणि ‘सांगली’ दोन्ही येतात. वाचणारा सूचीत सांगली शोधतो, तिथं निम्मेच उल्लेख सापडतात. अशा वेळी ‘दक्षिण सातारा’वर ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबून सूचीची नोंद उघडा, खाली क्रॉस रेफरन्सचा पर्याय असतो, त्यात आधीच भरलेला इंग्रजी शब्द काढून ‘पाहा सांगली’ लिहा, आणि सगळी पानं सांगलीखाली गोळा करा. सूचीत ‘दक्षिण सातारा, पाहा सांगली’ अशी ओळ येते. जिल्ह्यांच्या, संस्थानांच्या, गावांच्या बदललेल्या नावांसाठी ही एवढी सोय जरी सगळ्यांनी वापरली, तरी आपल्या भागावरच्या पुस्तकांच्या सूची कितीतरी उपयोगी होतील. मला याचं फार वाटतं, कारण चांगलं संशोधन नुसतं सापडत नाही म्हणून पडून राहिलेलं मी बघते.

ज्यांच्याकडं वर्ड नाही त्यांनी लिब्रेऑफिस रायटर फुकट घ्यावं. तिथं इन्सर्टमध्ये क्रॉस-रेफरन्स आहे, हेडिंग आणि बुकमार्क दोन्हींची यादी मिळते आणि एफ-९ तिथंही तेच काम करतं. गूगल डॉक्समध्ये बुकमार्क टाकून दुवा देता येतो, पण त्या जागेचा पान नंबर मजकुरात आपोआप येत नाही, म्हणून छापील प्रबंधाला ते पुरत नाही. प्रकरणं वेगवेगळ्या फाईलमध्ये लिहिणाऱ्यांनीही एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमधल्या तक्त्याचा असा दाखला घेता येईल या भरवशावर राहू नये. सगळं एकत्र केल्यावरच दाखले घालावेत. तोपर्यंत त्या जागी पिवळा रंग देऊन ‘पाऊस तक्ता’ एवढं लिहून ठेवा, आकडा लिहूच नका.

छापखान्यात वर्डची फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात आणि तिथं ही फील्ड टिकतीलच असं नाही. त्यांना देताना फाईलची वेगळी प्रत करा, त्या प्रतीत सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ दाबा. सगळे दाखले साधा मजकूर होतात. मूळ फाईलमध्ये हे कधीही करू नका, दुसऱ्या आवृत्तीला तीच लागणार आहे. छापखान्यात पानं नव्यानं पडणार असतील तर पान नंबरचे दाखले शेवटच्या प्रुफावर पुन्हा तपासावे लागतात. म्हणून पुस्तकासाठी मी लेखकांना पानाऐवजी प्रकरण आणि तक्त्याचेच दाखले द्यायला सांगते.

आणि पीडीएफ करणार असाल, तर सेव्ह करताना ऑप्शन्स उघडून हेडिंगवरून किंवा वर्डच्या बुकमार्कवरून पीडीएफचे बुकमार्क करायची टिक ठेवा. डाव्या बाजूला प्रकरणांची यादी येते. क्रॉस रेफरन्स घालताना इन्सर्ट ॲज हायपरलिंकवरची टिक काढली नसेल, तर पीडीएफमध्ये ‘तक्ता ३.२’ वर बोट ठेवलं की परीक्षक थेट त्या तक्त्यावर जातात.